वेशीवरचा विसावा: एका तालुक्याच्या गावातलं स्मृतिदीपन

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं, २०२२ च्या उन्हाळ्यातलं. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. मृतांचे आकडेही मुद्दाम गाळले आहेत, कारण आकड्यावरून गाव ओळखू येतं आणि काही घरांनी माझ्याजवळ बोललेल्या गोष्टी शेजाऱ्यांनाही ठाऊक नाहीत. मी या कामातल्या सहा जणांपैकी एक. टिपणं ठेवायची जबाबदारी माझ्याकडे होती, पुढचा मजकूर त्यांतूनच आला आहे.

पार्श्वभूमी

गावाच्या दक्षिणेला जुनी वेस आहे. खाली काळा दगड, वर विटांचा नगारखाना, दोन अंगांना दोन बुरूज. तट केव्हाच पडला, त्याचा दगड अर्ध्या गावाच्या जोत्यांत गेला. वेस तेवढी राहिली. आतल्या देवड्यांत पावसाळ्यात शाळेची पोरं थांबतात, उन्हाळ्यात एक चप्पल शिवणारे काका बसतात. वेस राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित यादीत आहे. तिच्यावर खिळा ठोकायचा म्हटलं तरी परवानगी लागते.

वेशीबाहेर शंभरेक पावलांवर एक चौथरा आहे. तो विसावा. घरून निघालेली तिरडी तिथं टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि मग नदीची वाट धरतात. आमच्याकडे बायका विसाव्यापर्यंत येतात आणि तिथून माघारी फिरतात. आई, बायको, लेक यांच्या वाट्याचं शेवटचं दर्शन तिथलंच. मुस्लिम मोहल्ल्यातला जनाजाही याच वेशीतून जातो. तो मध्ये कुठे टेकवत नाहीत, पण तो येताना दिसला की वेशीतले दुकानदार उठतात आणि चार पावलं खांदा देऊन परत गल्ल्यावर बसतात.

कोविडात हे सगळं बंद पडलं. ग्रामीण रुग्णालयातून निघालेली शववाहिका बायपासनं थेट नदीवर किंवा कब्रस्तानात जायची. २०२१ चा एप्रिल आणि मे हे दोन महिने तर असे गेले की कोण गेलं हे गल्लीलासुद्धा दुसऱ्या दिवशी कळायचं. त्या दिवसांत गेलेलं एकही माणूस वेशीतून गेलं नाही.

गावाला साथ नवी नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ दख्खनभर पसरला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगानं गेल्या. तेव्हा आमच्या गावातलं कोण कोण गेलं, याची खूण मात्र आज कुठेच सापडत नाही. वेशीबाहेर मरीआईचं ठाणं आहे. ते साथीचं, गेलेल्या माणसांचं नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर वाचनालयात आल्या. पुस्तक बदलून झाल्यावर दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, सगळ्यांना बायपासनं नेलं आपण. एक दिवस वेशीत दिवा तरी लावू." त्या दोन्ही लाटांत वॉर्डात होत्या. मी लगेच हो म्हणालो. माझी मावशी त्याच वॉर्डात गेली होती.

अडचण

पहिली चूक माझ्याच हातून झाली, तीही एका शब्दाची. नगरपरिषदेला द्यायच्या अर्जावर मी विषय लिहिला, "ऐतिहासिक वेशीस रोषणाई करणेबाबत". अर्जाची बातमी गावात फिरली आणि दोन दिवसांत माझ्या ओळखीच्या एक ताई घरी आल्या. नवरा गेल्याला दहा महिने झाले होते. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "सर, आमच्या घरात अजून गोड झालेलं नाही, आणि तुम्ही रोषणाई करताय?"

त्यांचं बरोबर होतं. रोषणाई लग्नात असते, गणपतीत असते, यात्रेत असते. माणूस गेल्यावर आपण रोषणाई करत नाही, दिवा लावतो. जिथं प्राण गेला तिथं थोडं पीठ पसरून त्यावर पणती ठेवायची, वात दक्षिणेकडे करायची आणि दहा दिवस ती विझू द्यायची नाही. कित्येक घरांना तेही करता आलं नव्हतं, कारण माणूस घरात गेलंच नव्हतं. शिवाय घरातले उरलेले लोक त्याच वेळी कोविड सेंटरमध्ये पडले होते. अर्ज मागे घेतला, विषय बदलून "स्मृतिदीप लावणेबाबत" असा नवा दिला. शब्द बदलला, त्याबरोबर काय करायचं याची कल्पनाही बदलली.

दुसरी अडचण ५ एप्रिल २०२० ची. त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर घरातले दिवे मालवून पणत्या लावल्या गेल्या होत्या. काहींना ती आठवण धीराची होती, काहींना नकोशी. आमच्या दिव्याचा तिच्याशी किंवा कुठल्याही पक्षाशी संबंध जोडला गेला असता, तर अर्धं गाव आलं नसतं.

पण खरी अडचण वेगळीच होती. ती वेशीची नव्हती, विजेची नव्हती. कोणासाठी दिवा लावायचा, आणि किती?

पुढे असलेले पर्याय

बाहेर लोकांनी काय केलं ते आम्ही पाहिलं. वॉशिंग्टनमध्ये १९ जानेवारी २०२१ च्या संध्याकाळी, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, लिंकन स्मारकासमोरच्या लांब तळ्याच्या काठांवर ४०० दिवे लावले होते. तोवर अमेरिकेत चार लाखांच्या आसपास माणसं गेली होती, म्हणून हजारामागे एक दिवा. लंडनला टेम्सच्या काठी, संसदेच्या समोरच्या भिंतीवर, मार्च २०२१ पासून लोकांनी हातानं लाल बदाम, म्हणजे हृदयाची चित्रं, रंगवायला घेतले. तिथं प्रत्येक माणसामागे एक बदाम आणि भिंत जवळपास अर्धा किलोमीटर. दरवर्षी २४ मार्चला, क्षयरोग दिनी, जगभरात इमारती लाल करतात. १८८२ मध्ये त्या तारखेला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्याची ती आठवण.

या तिन्हींतून एक गोष्ट आम्हाला लगेच समजली. हजारामागे एक दिवा देशाला शोभतो. गावात प्रत्येक जण कोणाचा तरी शेजारी असतो, तिथं माणसामागे एकच दिवा हवा. म्हणजे मोजणी आलीच.

मोजणीसाठी दोन कागद होते. एक सरकारी यादी, चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांची. दुसरी स्मशानभूमीतली वही. ती तिथल्या काकांनी राखली होती, नगरपरिषदेचे जुने कर्मचारी. लांब, तांबड्या समासाची वही. सॅनिटायझरच्या ओल्या हातांनी उघडझाप करून एप्रिलच्या पानांवरची शाई फुटलेली. त्या महिन्यात अक्षर बदलत जातं. सुरुवातीला सुवाच्य, मग घाईचं, मग काही ओळी दुसऱ्याच कोणाच्या हातच्या. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात कुठे "कोविड", कुठे "सारी", आणि कुठे काहीच नाही. सारी म्हणजे श्वसनाचा तीव्र आजार. चाचणी निगेटिव्ह, पण छातीच्या स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी अठरा, अशी कितीतरी माणसं त्या शब्दाखाली गेली. दोन्ही कागदांतली तफावत पानं चाळतानाच दिसत होती.

सरकारी यादी घेतली तर वाद नव्हता, पण सारीवाली घरं बाहेर पडत होती. वही घेतली तर नगरपरिषद अवघडणार होती, कारण वेशीवर लावलेला दिव्यांचा आकडा म्हणजे यादीवर उभं केलेलं प्रश्नचिन्ह. तिसरा पर्याय आकडाच टाळायचा, सगळ्यांसाठी मिळून एक मोठी ज्योत. तो सर्वांत सोपा होता आणि आमच्यातल्या दोघांचा कल तिकडेच होता.

याच सुमारास पाथर्डीवाल्या गल्लीतल्या एक मावशी सिस्टरांना भेटायला आल्या. त्यांच्या यजमानांना कोविड नव्हताच. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं, जिल्ह्याच्या गावी. लॉकडाऊनमध्ये गाडी मिळेना, मिळाली तर तिथलं रुग्णालय कोविडसाठी घेतलेलं. "त्यांचा दिवा लागंल का?" एवढंच त्यांनी विचारलं. सिस्टरांनी हे बैठकीत सांगितलं आणि मग कोणीच यादीचं नाव काढलं नाही.

घेतलेले निर्णय

ठरलं असं: जो येईल आणि म्हणेल की आमचं माणूस त्या दोन वर्षांत गेलं, त्याच्या हातात पणती द्यायची. प्रमाणपत्र मागायचं नाही, आजार विचारायचा नाही. ज्यांचं कोणी येणार नाही, त्यांच्यासाठी काकांच्या वहीतून पाहून आम्ही लावायच्या. आधी नावनोंदणीसुद्धा नाही.

नावनोंदणी न करण्यामागं आणखी एक कारण होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर कोविडनं गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत मंजूर झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये त्या अर्जांची धावपळ अजून संपली नव्हती. आम्ही पहिल्या आठवड्यात एक वही घेऊन दोन गल्ल्या फिरलो, तर दोन उलट अफवा उठल्या. या वहीत नाव आलं तर पैसे मिळतील, आणि या वहीत नाव आलं तर मिळालेले परत जातील. वही त्याच दिवशी बंद केली. लिहिलेलं पान ज्यांची नावं होती त्यांच्यासमोर फाडलं.

वेशीवर नावं दाखवायची का, हा निर्णय अवघड गेला. प्रोजेक्टर लावून दगडावर एकेक नाव उमटवावं, अशी गटातल्या तरुण मुलाची कल्पना होती आणि ती मला मनापासून आवडली होती. मग एका घरी कळलं की तिथल्या आजींना मुलगा गेल्याचं सांगितलेलंच नाही. मुलगा दुबईला आहे, विमानं बंद होती, आता कामाचा करार वाढला, असं घरचे सांगत आले होते. आजी पंच्याऐंशीच्या, हृदय नाजूक. सून सकाळी कुंकू लावून त्यांच्यासमोर चहा ठेवते आणि मग आत जाऊन पुसते. हे ऐकल्यावर नावांचा विषय संपला. वेशीवर नाव नाही, फोटो नाही, फलकावरही नाही.

तारखेसाठी सर्वपित्री अमावास्या सुचवली गेली, पण ती सगळ्यांची नाही. काकांच्या वहीत एप्रिलचा चौथा आठवडा सर्वांत दाट होता, म्हणून २४ एप्रिल, रविवार. तेव्हा रमजान चालू होता. सूर्यास्त सातच्या आत, म्हणजे इफ्तार आणि मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज त्या सुमाराला, आणि सव्वाआठच्या पुढे मशिदीत तरावीह, रमजानमधली रात्रीची जादा नमाज. मोहल्ल्यातल्या एका चाचांनी सरळ सांगितलं, "साडेसातला ठेवा, आम्ही रोजा सोडून येतो, आठला निघतो." साडेसात ठरलं. त्या महिन्यात मशिदींवरच्या भोंग्यांवरून राज्यभर वातावरण तापलेलं होतं. आम्ही ध्वनिक्षेपक लावलाच नाही. भाषण नाही, प्रार्थना नाही, गाणं नाही.

आता वेशीकडे. पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाकडून पाच आठवड्यांनी परवानगी आली. अटी नेमक्या होत्या आणि पटण्यासारख्या होत्या. दगडाला खिळा, ड्रिल, चिकटपट्टी नाही. वायर दगडाला टेकता कामा नये. तेलाचा दिवा वास्तूवर कुठेही ठेवायचा नाही. आमच्यातल्या काहींना हे लागलं, कारण देवळासमोरच्या दीपमाळेवर आपण शतकानुशतकं तेलच जाळत आलो. पण दीपमाळेला त्यासाठी घडवलेले दगडी हात असतात, काजळी उघड्यावर निघून जाते. वेशीच्या कोनाड्यांचं तसं नाही. तेल चुन्याच्या सांध्यांत आणि विटांत मुरलं की निघत नाही, त्यावर धूळ बसते, काजळी आत कोंडते. म्हणून पणत्या वेशीसमोर रस्त्यावर, परातींत वाळू घालून त्यात रोवायच्या आणि वेशीवर फक्त विजेचा उजेड, तोही जमिनीवरून.

लाइटवाल्याकडे रंग बदलणारे दिवे होते. पंधरा ऑगस्टला तो पंचायत समितीला तिरंगा करतो. त्याला एकच पिवळसर रंग हवा म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, एवढ्यात काय दिसणार?" पहिल्या चाचणीच्या रात्री त्याचंच खरं वाटलं. रस्त्यापलीकडून दोन हॅलोजन मारले तर भिंत सपाट झाली, अपघाताच्या जागी लावतात तसा उजेड, आणि वेशीतून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर तिरीप. काळा दगड उजेड परत देत नाही, पिऊन टाकतो. दुसऱ्या रात्री आम्ही पन्नास वॅटचे चौदा एलईडी फोकस भिंतीच्या पायथ्याशी, वीतभर अंतरावर ठेवले आणि तोंड वर केलं. उजेड दगडावरून घासत वर गेला. एकेका चिऱ्यावर टाकीचे घाव उमटले, तिरपे, बोटाएवढ्या अंतरावर, शेजारशेजारच्या दोन चिऱ्यांवर दोन वेगळ्या हातांचे. रोज त्या वेशीखालून जाणाऱ्या मला ते कधी दिसले नव्हते. लाइटवाला मुलगा पुढे गेला, एका घावावर बोट फिरवलं आणि काही न बोलता उरलेले फोकस तसेच लावायला घेतले.

पण हे दिसायला आधी अंधार लागतो. वेशीजवळचे पालिकेचे चार दिवे बंद केल्याशिवाय काही उठत नव्हतं. पोलिसांचं म्हणणं होतं, गर्दीत अंधार नको, बायकापोरं असणार. साडेसात ते नऊ दिवे बंद, दोन्ही टोकांना बॅटरी घेऊन आमची मुलं, मध्ये वाहनबंदी, असं ठरलं. कमानीच्या आतल्या छताला पाकोळ्यांची घरटी होती, म्हणून कमानीत एकही फोकस नाही.

वीज कुठून घ्यायची हेही पाहावं लागलं. कोळशाच्या टंचाईमुळे त्या महिन्यात भारनियमन सुरू झालं होतं आणि जनरेटरच्या घरघरीत दिवा लावणं आम्हाला कोणालाच नको होतं. सगळा भार जेमतेम ७०० वॅट. लाइटवाल्यानं दीडशे अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर आणला. दीड तासाला तेवढं पुरून उरलं. मध्ये ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला, कारण उघड्या रस्त्यावर वायर आणि माणसांच्या पायांत चपलाही नसणार.

ती संध्याकाळ

सकाळी वेशीशेजारी एका नेत्याचा फोटो असलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलेला दिसला. मुख्याधिकारी तेव्हा प्रशासक होते. त्यांनी दहाच्या आत तो उतरवला. नगरपरिषदेची मुदत संपलेली असणं इथं आमच्या पथ्यावर पडलं.

साडेसातला रस्त्यावरचे दिवे गेले. काही क्षण वेस पूर्ण काळी होती, मग तळापासून हळूहळू वर आली. लोक बोलायचे थांबले. परातींपाशी रांग लागली. प्रत्येक जण वाकून आपली पणती लावत होता आणि बाजूला होत होता. एका बाईनं पणती रोवल्यावर पदरानं तिच्या कडेचं सांडलेलं तेल पुसलं, घरात पुसतात तसं. चाचा आणि मोहल्ल्यातली माणसं रोजा सोडून आली. डायलिसिसवाल्या मावशींनी वात दक्षिणेकडे वळवली, दोनदा, कारण पहिल्यांदा वाऱ्यानं फिरली.

वाऱ्याचा विचार आम्ही केला नव्हता. एप्रिलअखेर म्हणजे वळवाचे दिवस. पावणेआठला पश्चिमेकडून वावटळ आली आणि निम्म्याहून अधिक पणत्या विझल्या. लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. माणूस गेल्यावरचा दिवा विझू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. काही बायका रडू लागल्या. मग शेजारच्या बांधकामावरचा गवंडी धावला, विटा आणायला सुरुवात केली, पोरांनी साखळी धरली आणि दहा मिनिटांत परातींच्या पश्चिमेला कमरेएवढी कोरडी भिंत उभी राहिली. पणत्या पुन्हा लावल्या. कोणाची कुठली होती हे तेव्हा कोणी पाहिलं नाही, हाताशी आली ती लावली.

बऱ्याच बायका तिथून विसाव्यापर्यंत चालत गेल्या, क्षणभर थांबल्या आणि परत फिरल्या. हे आमच्या आखणीत नव्हतं. विसाव्याचा चौथरा अंधारातच होता, तिथं आम्ही एक बॅटरीसुद्धा ठेवली नव्हती.

नऊला फोकस बंद केले. साडेनऊच्या सुमाराला, आवराआवर चालू असताना, आजींची सून एकटी आली. शेवटची पणती तिच्या हातची.

निष्पत्ती

मुख्य काम झालं, असं मी म्हणेन. वर्षभर एकमेकांच्या घरी भेटायला न गेलेली माणसं दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागली. ज्या ताई उंबऱ्यातून मला बोलल्या होत्या, त्या आल्या होत्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "हे बरं केलंत."

एका कोनाड्यात कोणीतरी पणती ठेवलीच. दुसऱ्या दिवशी दगडावर तळहाताएवढा तेलाचा डाग होता. उत्साही कार्यकर्ते साबण आणि ब्रश घेऊन निघाले होते, त्यांना वेळेत थांबवलं. घासल्यानं तेल आणखी आत जातं आणि चुना सुटतो. विभागाला आम्हीच कळवलं. त्यांच्या सांगण्यावरून मुलतानी मातीचा ओला लेप डागावर देऊन तो वाळू दिला, म्हणजे माती तेल ओढून घेते. चार लेपांनी डाग बराच फिका झाला. पूर्ण गेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक ही की ज्यांनी ती प्रेतं उचलली, त्यांना आम्ही विचारलंच नाही. नगरपरिषदेचे चार सफाई कामगार दोन्ही लाटांत रोज पीपीई किटमध्ये नदीवर होते. नातेवाईक येऊ शकत नव्हते तेव्हा अग्नी त्यांनीच दिला, कधी मुलाच्या जागी, कधी नवऱ्याच्या जागी. २४ एप्रिलला ते वेशीवर होते, पण बंदोबस्ताला. वाळू टाकायला, रस्ता झाडायला, बॅरिकेड धरायला. हे काम त्यांना देणाऱ्या कागदावर सही माझी होती. रात्री दहाला झाडू मारताना त्यांतला एक जण विझलेल्या पणत्या गोळा करत होता. त्यानं एक पुसून पुन्हा लावली आणि विटांच्या आडोशाला ठेवली. मी ते पाहिलं तेव्हा मला कळलं की आम्ही काय विसरलो होतो. पणतीचा पहिला मान त्यांचा होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वस्तीत जाऊन माफी मागितली. त्यांनी ती मोठ्या मनानं घेतली, पण ती संध्याकाळ त्यांना परत देता येत नाही.

दुसरी गोष्ट, अर्जांची. कार्यक्रमाच्या जागी सानुग्रह मदतीचे अर्ज भरून देणारं एक टेबल असावं, असं एका आशाताईंनी सुचवलं होतं. शोक आणि पैसा एकत्र नको म्हणून आम्ही ते नाकारलं. वेशीपाशी ते नको होतं, यावर मी आजही ठाम आहे. पण दुसऱ्या दिवशी वाचनालयात ते असायलाच हवं होतं. त्या संध्याकाळी भेटलेल्या कितीतरी बायकांनी अर्जच केला नव्हता. प्रमाणपत्रावर कोविड शब्द नाही म्हणून आपल्याला मिळणार नाही, असं त्या धरून बसल्या होत्या. केवळ तेवढ्या कारणावरून मदत नाकारता येणार नाही, हे न्यायालयानं सांगितलेलं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही दहा दिवस उशिरा बसलो.

तिसरी, मुलांची. दहावीतला एक मुलगा साडेआठपर्यंत विटांच्या भिंतीला टेकून बसला होता. आई आणि वडील दोघंही गेले होते. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे शासनानं पाच लाखांची ठेव ठेवली आहे, तो कागद त्याच्या काकांकडे होता. पण त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसणारं कोणी नव्हतं. सिस्टर शेवटी जाऊन बसल्या. अशा मेळाव्यात दिव्यांच्या आखणीआधी हे ठरवावं लागतं की कोण कोणाजवळ बसणार. पुढचे दोन आठवडे सिस्टरांचा फोन रात्री वाजत होता आणि तो भार त्यांनी एकटीनं उचलला. समुपदेशक जिल्ह्याला होता. त्याला आधी सांगून ठेवता आलं असतं.

वाऱ्यासाठी विटा आधीच रचता आल्या असत्या, विसाव्यावर एक दिवा ठेवता आला असता. ही दोन वाक्यं कोणी असं काम करणार असेल त्याच्यासाठी.

२०२३ मध्ये वेशीवर उजेड टाकला नाही. तेवढी गरज कोणाला वाटली नाही, परवानगीही मागितली नाही. वेगळंच एक काम सुरू झालं. त्या संध्याकाळनंतर लोक नदीवर काकांकडे वही पाहायला येऊ लागले. आपल्या माणसाची ओळ शोधायची, आडनाव चुकलं असेल तर सांगायचं. काका पेन्सिलीनं समासात दुरुस्ती करतात, मूळ नोंद खोडत नाहीत. काही ओळी "अनोळखी पुरुष, अंदाजे ५५" अशा आहेत. त्यांतल्या दोघांची घरं अशीच सापडली, एक कर्नाटकातलं. वही आता शिवणीतून सुटायला आली आहे, म्हणून नगरपरिषदेची परवानगी घेऊन आम्ही तिची प्रत वाचनालयात उतरवून घेतो आहोत. दर गुरुवारी दुपारी काका येतात, वाचून सांगतात आणि मी लिहितो, कारण त्या आठवड्यांतलं त्यांचं अक्षर फक्त त्यांनाच लागतं. मे २०२१ ची आठ पानं अजून राहिली आहेत.